गवत मुद्दाम वाढवलंय

रेडिंग, इंग्लंड, १८ मे

ती. आई-बाबांस सा. नमस्कार,

मी अगदी बरी आहे. परवा व्हिडिओ कॉलवर मागचं अंगण दिसलं आणि आई गप्पच झाली. आई, मी आजारी नाही, आळसही नाही. गवत मुद्दाम वाढवलंय. मे महिनाभर गवत कापायचं नाही, अशी इथे बऱ्याच घरांत रीत पडलीय. ‘नो मो मे’ म्हणतात. गवतात क्लोव्हर, डँडेलियन फुलतात, मधमाश्यांचं पोट भरतं. शेजारी नावं ठेवत नाहीत, त्यांचंही गवत तेवढंच आहे. आणि सापाचं म्हणशील तर या देशात विषारी साप एकच, तोही शहरातल्या परसात सहसा फिरकत नाही.

बाबा, कुंपणाचं भोक हेजहॉगसाठी आहे. साळिंदराच्या पिल्लासारखा दिसतो, पण जात वेगळी. भुंगे, सुरवंट शोधत रात्रीत एक-दोन किलोमीटर हिंडतो, आणि इथे घरोघरी फळ्यांची कुंपणं, त्यामुळे अडकून पडतो. म्हणून शेजाऱ्याला विचारून तळाशी १३ सेंटिमीटरचा चौकोन कापायचा. आमच्या शेजारच्या आजोबांनी करवत स्वतःच आणली. दूध ठेवायचं नाही, त्याला पचत नाही. नुसतं पाणी. तू दिलेली पोह्यांची ताटली ठेवलीय, आई, रागावू नकोस.

मंगळवारी रात्री अकराला आला. आधी ओलं, सारखं हलणारं नाक भोकातून बाहेर, मग अंग. ताटलीशी चपचप आवाज करत किती वेळ पाणी प्यायला! मी अंधारात पायरीवर बसून होते. बाबा, तुम्ही चिमण्यांसाठी पेरूला टांगता ते मडकं आठवलं. आता ते कोण भरतं? स्टुलावर चढू नका, खाली काढून ठेवा.

बागेवर खर्च काहीच झालेला नाही. चाळीस हजार पाठवलेत, पावसाआधी कौलं परतून घ्या, पुढच्या वर्षावर ढकलू नका. चिनूच्या साडीचे पाच हजार वेगळे आहेत.

साखरपुड्याला मला येता येत नाहीये. रजा खरंच उरली नाही. डिसेंबरात लग्नाला आठ दिवस आधी येते, तिकीटही बघून ठेवलंय. माझ्या स्थळाचं तेव्हा बसून बोलू, आई, नाही म्हणत नाही मी. चिनू माझा फोन उचलत नाही. मोठी बहीण येत नाही म्हणून मुलाकडचे काही बोलले का? खरं काय ते कळवा.

तुमची,
वैशू