गिअरची सायकल आली, मिस्त्री कुठून आणायचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

साताऱ्यात सायकलींना पुन्हा बरे दिवस आले, असं हल्ली वारंवार छापून येतं. रविवारी पहाटे समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढणारी रांग पाहिली की ते पटतंही. त्या रांगेत मी असतो, बहुतेक वेळा शेवटचा. वय ४९, हायस्कुलात विज्ञान शिकवतो. २०२१ साली बेचाळीस हजार मोजून जाड टायरची, पुढे सस्पेन्शन असलेली एमटीबी (माउंटन बाइक) घेतली. घरात त्या आकड्याचा उल्लेख अजूनही भांडण पेटवायला पुरतो. शर्यतीबिर्यतीत मी उतरत नाही. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीला पवनचक्क्यांसाठी काढलेले कच्चे रस्ते आहेत, तिथं दोन तास धक्के खायचे आणि घरी येऊन पोहे खायचे, एवढीच हौस. (कासच्या पठारावर मात्र मी चाक घालत नाही आणि कुणी घातलेलं मला चालतही नाही. रस्ता सोडला की खाली फुलंच आहेत.)

हे पत्र बरे दिवस संपतात कुठं, त्याबद्दल आहे.

गेल्या सप्टेंबरात चाळकेवाडीला दाट धुकं होतं. उतारावर कारवीची एक काडी मागच्या चाकात शिरली, कट्ट आवाज झाला आणि पायडल जागच्या जागी अडलं. उतरून पाहिलं तर मागचा गिअर बदलणारा अख्खा सांगाडा, ज्याला डीरेल्युअर म्हणतात, तो आऱ्यांत जाऊन बसलेला. तो ज्या चिमुकल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो त्या हँगरचे दोन तुकडे. हा हँगर दोन बारक्या स्क्रूंनी फ्रेमला बसवलेला असतो आणि मुद्दाम कच्चा ठेवतात. मार बसला तर त्यानं मोडावं आणि फ्रेम वाचावी, असा हिशेब. हिशेब बरोबर आहे. फक्त पुढची पायरी अशी की मोडलेला तुकडा काढून नवा लावायचा.

त्या दिवशी नवा नव्हताच. चेन तोडायचं हत्यार पिशवीत होतं म्हणून निभावलं. सांगाडा काढून हँडलला बांधला, चेनच्या कड्या कमी केल्या, मधल्या दातेरी चकतीवर चढवून जोडली आणि एकाच गिअरवर निघालो. दर शंभर-दोनशे मीटरवर चेन आपोआप शेजारच्या मोठ्या चकतीवर चढू पाहायची आणि ताणून करकरायची. सज्जनगडच्या फाट्यापर्यंत उतार आहे, तिथवर ठीक. बोगद्याकडचा चढ चालतच काढला. दोन दुधवाल्यांनी विचारलं, "पंक्चर का?" मी हो म्हणालो. हँगर समजावायची ताकद उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. जिथं सायकल घेतली तेच दुकान. नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका दुकानाची नाही. काउंटरवरच्या मुलानं तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "हे मॉडेल आता बंद झालं सर. एक्स्चेंजमध्ये नवीन बघू या का?" साडेचार वर्षांची धडधाकट सायकल बोटभर तुकड्यासाठी बदलायची! कारण असं की प्रत्येक कंपनीचा, पुष्कळदा प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा. भोकं दोन मिलिमीटर इकडेतिकडे असली तरी उपयोग शून्य. पुण्यातल्या भाच्यानं तीन दुकानं पालथी घातली आणि त्यातल्या त्यात जुळणारे तीन नग कुरिअरनं पाठवले. भोकं जुळली, जाडी जुळेना.

शेवटी गेलो आमच्या जुन्या मिस्त्रीमामांकडे. वय सत्तरीच्या पुढं, रस्त्याकडेला टपरी, पुढ्यात पंक्चर शोधायची पाण्याची पाटी. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढावा तर त्यांनीच. अंगठा रिमला टेकवून चाक फिरवतात आणि कुठला आरा ढिला आहे ते नखानं वाजवून सांगतात. गिअरच्या सायकलींना मात्र ते सहसा हात लावत नाहीत. तुकडा पाहून म्हणाले, "सर, येवढ्याशा पत्र्यावर अख्खा गिअर टांगलाय व्हय?" मी विज्ञानाचा मास्तर, लगेच समजावायला लागलो, की तो मोडावा म्हणूनच केलाय. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी फ्यूज. मग फ्यूज इकायला नगं का ठेवाय?"

साडेचार वर्षांत मला जे नीट मांडता आलं नव्हतं, ते मामांनी एका वाक्यात मांडलं. मग त्यांनी भाच्यानं पाठवलेला एक नग शेगड्यात पकडला आणि बारीक कानस घेतली. चार घासे, फ्रेमला लावून बघायचं, काढायचं, फुंकर, पुन्हा चार घासे. पाऊण तास चाललं होतं. तुकडा बसला तेव्हा फटीत ब्लेडही जात नव्हतं. पैसे विचारले तर म्हणाले, चाळीस द्या.

बाकीची दुखणी थोडक्यात सांगतो. बाभळीच्या काट्यांचं काही वाटत नाही, ते आपल्या मातीतलंच आहे. हवेचा तिढा मात्र रोजचा. माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह पेन्सिलीसारखा बारीक, पेट्रोल पंपावरची नळी स्कूटरच्या जाड व्हॉल्व्हची. मधे घालायची पितळेची टोपी मी किल्ल्यांच्या जुडग्यात बाळगतो. तिच्यामुळं हवा भरली जाते, पण पंपावरचा मुलगा मोटरसायकलच्या सवयीनं टायर दगडासारखा करून देतो आणि जांभ्याच्या खडीवर सायकल चेंडूसारखी उडते. तीसेक पौंड पुरे, हे दरवेळी नव्यानं सांगावं लागतं.

गंभीर प्रसंग ब्रेकचा. माझ्या सायकलीला शिमानोचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत. त्यांत मिनरल ऑइल लागतं. एका ठिकाणी सर्व्हिसिंगला दिली, तर त्यांनी गाडीचं ब्रेक ऑइल भरलं. त्या तेलानं यातली रबरी सीलं फुगतात, हे ना त्यांना ठाऊक, ना तेव्हा मला. पंधरा दिवसांनी यवतेश्वरच्या उतारावर पुढचा लिव्हर दाबला तो थेट हँडलला टेकला. मागचा ब्रेक शाबूत होता म्हणून हे पत्र लिहितोय. पुढचा संच पूर्ण बदलावा लागला. ज्यानं तेल भरलं त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला पगार सायकली विकायचा होता.

माझा हँगर मोडला त्याच महिन्यात, २२ सप्टेंबर २०२५ पासून, सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चांगलं झालं. पण जो भाग दुकानात येतच नाही त्यावर कर पाच टक्के असला काय नि शून्य असला काय.

म्हणून विक्रेत्यांना माझी एक विनंती आहे. गिअरची सायकल विकताना तिच्याच मॉडेलचा एक जादा हँगर सोबत द्या. फुकट नको, बिलात लावा. बेचाळीस हजारांच्या बिलात तीन-चारशे रुपये कुणाला टोचणार नाहीत. आणि आयटीआयच्या मंडळींनी विचार करावा: मोटार मेकॅनिक शिकवता, तर गिअर आणि हायड्रॉलिक ब्रेकच्या सायकली दुरुस्त करायचा दोन-तीन महिन्यांचा वर्ग का नको? चाकाचा आऊट शिकवायला मिस्त्रीमामांसारख्यांना मानधन देऊन बोलवा. मामांचा मुलगा या धंद्यात आला नाही, नातू घरपोच जेवण पोचवतो, तेही मोटरसायकलवर. टपरी किती दिवस उघडी राहील, हे मामाही सांगत नाहीत.

भाच्यानं पाठवलेल्या तीन नगांपैकी एक माझ्या सायकलीवर आहे, एक माझ्या पिशवीत. तिसरा मामांच्या टपरीत खिळ्याला टांगून ठेवलाय. साताऱ्यात कुणाचा मोडला आणि भोकं जुळत असली, तर खुशाल घेऊन जावा. जाडी मामा बघतील.

आपला,
एक वाचक, शाहूनगर, सातारा