सोनू, परवाच्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय सोनू,

परवा फोनवर तू हसत हसत विचारलंस की बाबा, तेहतीस वर्षं पोलिसात काढलीत, आता रिटायर होऊन घरी बसलाय तर परत खुनाच्याच गोष्टी कशाला वाचता, तेव्हा आई शेजारीच बसली होती म्हणून मी काहीतरी बोलून टाळलं. आत्ता रात्रीचे साडेबारा झालेत, झोप काही येत नाहीये, म्हणून लिहायला घेतलं. मोबाईलवर टाईप करतोय, शुद्धलेखन तपासत बसू नकोस.

खरं तर चूक तुझीच आहे. किंडल तू इथे विसरून गेलीस आणि त्यात 'रोझॅना' नावाचं पुस्तक होतं. बाईचं नाव बघून मला वाटलं लव्हस्टोरी असेल. उघडलं तर स्वीडनमध्ये मोताला म्हणून गाव आहे, तिथे गोटा कालव्याच्या दरवाजांपाशी गाळ काढायचं काम चाललंय आणि गाळाबरोबर बाईचं प्रेत वर येतं. अंगावर कपडा नाही, दागिना नाही, मिसिंगची तक्रारही कुठे नाही. मला वाटलं आता धावपळ सुरू होणार, पण काहीच होत नाही गं! तीन महिने जातात आणि तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या, मार्टिन बेकच्या हाताला लागतं काय तर एवढंच, की ती रोझॅना, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातली, आणि पर्यटकांच्या बोटीवर होती. बोटीवर माणसं 85, त्यातलं कुणीही असू शकतं. मग बसा, एकेकाला पत्र लिहा, प्रवासात काढलेले फोटो मागवा, घरगुती फिल्म्स मागवा, त्या पुन्हा पुन्हा बघा.

तुला ती विहिरीतली बाई माहीत नसेल, तू तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होतीस. मी रायटर हवालदाराच्या हाताखाली होतो, आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, पंचनामा मीच लिहिला. पायात जोडवी होती आणि ब्लाउजच्या आतून टेलरचा छोटा शिक्का, पाण्यानं अर्धा गेलेला, नुसतं 'श्री' आणि पुढे एक काना दिसत होता. मी तीन तालुके सायकलवर आणि एसटीनं पालथे घातले, श्रीराम, श्रीनाथ, श्रीकांत जेवढे म्हणून टेलर होते तेवढ्यांना तो तुकडा दाखवला, एका म्हाताऱ्या टेलरनं तर चष्मा लावून टाक्यांकडे बघितलं आणि म्हणाला हा हात माझा नाही, पण ज्याचा आहे तो डावखुरा आहे. केवढं भारी वाटलं होतं मला तेव्हा! पुढे काहीच झालं नाही. बिनतारी संदेश गेले, फोटो गेले, कुणी आलं नाही, फाईल बंद झाली. सिनेमात असं प्रेत दोन मिनिटं दिसतं आणि मग हिरोची एन्ट्री. या पुस्तकात ती फाईल अख्खं पुस्तकभर उघडी राहते, आणि सगळ्यात मोठं म्हणजे मेलेल्या बाईला हळूहळू नाव मिळतं, स्वभाव मिळतो, तिला काय आवडायचं ते कळतं. मी वाचताना दोनदा किंडल खाली ठेवला.

लिहिणारे कोण तर जोडपं, माय शोवाल आणि पेर वालू. दोघं पत्रकारितेतले, रात्री पोरं झोपली की बसायचे आणि आळीपाळीनं एकेक प्रकरण लिहायचे. 1965 ते 1975, दहा वर्षांत दहा पुस्तकं, प्रत्येकात तीस प्रकरणं. दहावं आलं त्याच वर्षी पेर वारला, माय 2020 मध्ये गेली. विचारानं दोघं डावे, त्यांना दाखवायचं होतं की सरकार सगळ्यांना सगळं देतं म्हणतात त्या देशात आतून काय चाललंय. पण भाषण कुठे ठोकत नाहीत, निदान सुरुवातीच्या पुस्तकांत तरी नाही, शेवटी शेवटी जरा ठोकतात. मार्टिन बेकचं पोट कायम बिघडलेलं, सोसत नाही तरी कॉफी पितो, सर्दी झालेली, बायकोशी बोलणं कमी, घरी आला की जहाजाचं मॉडेल जोडत बसतो. आईला हे वाचून दाखवलं तर म्हणते, जहाज सोडलं तर बाकी तुम्हीच.

लहानपणी आम्ही बाबूराव अर्नाळकर अधाशासारखे वाचले, झुंझार काय, काळापहाड काय, वेषांतर करून भिंतीवरून उड्या. मजा यायची, आजही येईल. पण पोलिसात गेल्यावर कळलं की तपास म्हणजे नव्वद टक्के वाट बघणं आणि उरलेलं कागद काळे करणं, आणि तसं लिहून कुणी वाचायला लावू शकतो यावर माझा विश्वासच नव्हता.

मग वाचला वॉलंडर, हेनिंग मँकेल या दुसऱ्या स्वीडिश लेखकाचा पोलीस. इस्टाड नावाचं समुद्राकाठचं छोटं गाव, पहिलं पुस्तक 1991 चं. या माणसाला बिल्डिंगच्या सामायिक लाँड्रीत आपला नंबर लावायचा असतो आणि दर वेळी तो विसरतो. खून उलगडतो पण कपडे धुवायचे राहतात! त्याचे वडील आयुष्यभर एकच चित्र काढतात, तेच रान, तोच मावळता सूर्य, फरक एवढाच की काहींत एक पक्षी असतो, काहींत नसतो. पोरगा पोलिसात गेला म्हणून त्यांनी त्याला कधी माफ केलं नाही. मला आबा आठवले, शेत सोडून खाकी घातली म्हणून माझ्याशी वर्षभर बोलले नव्हते, तुला ते कुणी सांगितलं नसेल. आणि वॉलंडरची मुलगी लिंडा, तिला फोन करावा करावा म्हणतो आणि करत नाही. शेवटच्या पुस्तकात तर त्याची स्वतःचीच आठवण जायला लागते. त्यातलं खुनाचं प्रकरण काय होतं ते मी आत्ताच विसरलोय, पण ते घाबरणं विसरलो नाही.

एक गोष्ट मात्र खरी घडलेली. स्वीडनचे पंतप्रधान पाल्मे, 28 फेब्रुवारी 1986, बायकोबरोबर रात्री सिनेमा बघून स्टॉकहोममध्ये पायी घरी चालले होते, सोबत एकही बॉडीगार्ड नाही, आणि रस्त्यात गोळी घातली. आम्ही इथे साध्या राज्यमंत्र्याच्या दौऱ्याला सकाळपासून उन्हात उभे! 2020 मध्ये सरकारी वकिलानं एका मेलेल्या माणसावर संशय ठेवून केस बंद केली. ज्या देशाची सगळ्यात मोठी केस अशी अर्धवट राहिली तिथल्या पुस्तकांत शेवटाला टाळ्या कशा येतील?

तू गणपतीत लावून दिलेली ती डॅनिश सिरीयल, 'द किलिंग', तीही संपवली. पहिल्याच सीझनचे वीस भाग आणि केस एकच. ती स्वेटरवाली पोलीस सारा लुंड चांगलीच आहे, पण मला जास्त लक्षात राहिलं ते खून झालेल्या मुलीचं घर, बाप सामान हलवायचा धंदा करणारा, आणि दोन धाकट्या भावांना कसं सांगायचं हा प्रश्न. मी असे निरोप घेऊन दारात उभा राहिलोय. आमचं काम तिथे दहा मिनिटांत संपायचं, चहा नको म्हणायचं आणि निघायचं. पुढे त्या घरात काय होतं ते मी पहिल्यांदा टीव्हीवर बघितलं.

सगळंच चांगलं असतं असं नाही हां. हल्लीची काही वाचली, दर दहा पानांना नवीन प्रेत, बर्फावर रक्त, डोकं फिरलेला खुनी, अर्धी टाकून दिली. नॉर्वेत म्हणे ईस्टरच्या सुट्टीत लोक डोंगरातल्या घरात जाऊन खुनाच्याच गोष्टी वाचतात, दुधाच्या खोक्यांवरसुद्धा छापतात. तसं काहीतरी दिवाळी अंकासारखं असेल.

आता बेकचं चौथं चालू आहे, बसमधलं, शेवट सांगितलास तर बघ. आणि किंडलचा चार्जर सापडत नाहीये, मोबाईलचा लावला तर आई म्हणते बिघडवाल, तुझ्या कपाटात खालच्या खणात असेल का? रविवारी फोन करशील तेव्हा सांग. नाहीतर मीच करतो, सकाळी.

बाबा