कॅलरीमापीच्या तासांबद्दल काकांस आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांच्या वेळी आपण आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता. आता मी स्वतः भौतिक रसायनशास्त्र शिकवते आणि यंदा कॅलरीमापीचे, म्हणजे अभिक्रियांतली उष्णता मोजण्याचे, प्रयोग माझ्याकडे आल्यावर आपले आभार मानायचे राहूनच गेले आहेत, हे प्रकर्षाने जाणवले. चारचौघांत नाव घेतलेले आपल्याला रुचत नाही, म्हणून ते इथे लिहीत नाही.

उदासिनीकरणाची, म्हणजे आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करताना निघणारी, उष्णता मोजणे कागदावर फार सोपे दिसते. 1 मोलर (लिटरमागे एक मोल; मोल हे पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) हायड्रोक्लोरिक आम्ल आणि तितक्याच संहतीचे कॉस्टिक सोड्याचे द्रावण, प्रत्येकी 50 मिलिलिटर, थर्मोकोलच्या पेल्यात एकत्र करायचे आणि तापमान किती चढले ते पाहायचे. ते चढते जेमतेम साडेसहा-पावणेसात अंश सेल्सिअस; त्यामुळे वाचनात एक दशांश अंशाचा फरक पडला, तरी मोलमागे सुमारे 57 किलोज्यूल या उत्तरात 0.8 किलोज्यूलची तफावत येते. हे गणित वर्गात कळले होते, पण त्याचा धाक आपल्यामुळे बसला.

कॉस्टिकचे द्रावण आपण आदल्या दिवशीच करून ठेवत असा, कारण कॉस्टिक विरघळतानाच इतके तापते की ताज्या द्रावणातली कोणती उष्णता कशाची, हे सांगणे अवघड होते. आम्लातून काढलेला तापमापक धुऊन-पुसून मगच कॉस्टिकमध्ये जाई. दोन्हींचे तापमान जुळल्याखेरीज आपण मिसळू देत नसा, आणि जुळल्यावरही दर अर्ध्या मिनिटाला नोंदी घ्यायला लावत असा. आम्हा मुलामुलींना तो निव्वळ कंटाळा वाटे. पारा वर जाऊन थांबला की काम संपले, अशीच आमची समजूत होती. पण पारा माथ्यावर पोचेपर्यंत थोडी उष्णता बाहेर निसटलेली असते, म्हणून मिसळल्यानंतरही दहा मिनिटे नोंदी घेऊन, थंड होण्याची रेषा आलेखावर मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागे वाढवायची आणि खरी वाढ तिथे वाचायची, हे आपण पट्टी ठेवून दाखवलेत. माझ्या मते या प्रयोगाचा जीव त्या रेषेतच आहे, आणि छापील पुस्तिकांनी तिला एका ओळीत उरकावे याचे मला आजही नवल वाटते.

मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) प्रयोगही आपलाच. निर्जल मोरचूद पाणी शोषून निळे स्फटिक होताना किती उष्णता बाहेर पडते, हे पेल्यात थेट मोजता येत नाही. म्हणून दोन्ही रूपे वेगवेगळी विरघळवायची: निर्जल पूड मोलमागे सुमारे 66 किलोज्यूल देते, निळे स्फटिक उलट 12 किलोज्यूलच्या आसपास शोषतात, आणि वजाबाकीतून सुमारे 78 किलोज्यूल बाहेर पडतात असे निघते. अभिक्रिया कोणत्याही वाटेने घडली तरी एकूण उष्णता तेवढीच, हा सेंट पीटर्सबर्गच्या हेसने 1840 मध्ये मांडलेला नियम मला या वजाबाकीने पटला. त्यासाठी पांढरी पूड हवेतली ओल धरून निळसर पडू नये, म्हणून आपण ती भाजून लगेच शोषकपात्रात बंद करत असा आणि वजन करताना घाई करायला सांगत असा. एरवी घाईचे आपल्याला वावडे होते.

या साऱ्याबद्दल मनःपूर्वक आभार. आमच्या प्रयोगशाळेत सध्या थर्मास वापरतो आणि त्याचे जल सममूल्य (तो स्वतः किती पाण्याइतकी उष्णता घेतो, तो आकडा) दर वेळी थोडे वेगळे येते. सवड होईल तेव्हा प्रात्यक्षिकाच्या दिवशी यावे, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी