आमच्या नागपूरचा न्यायाधीश राष्ट्रपती भवनात गेला होता, मंत्रिमहोदय

माननीय केंद्रीय विधी व न्यायमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

परवा आमच्या दाव्यात पुन्हा तारीख पडली. न्यायाधीशांची बदली झाली, जागेवर कुणी आलं नाही आणि प्रभारींना स्वतःचाच बोर्ड, म्हणजे रोजच्या खटल्यांची यादी, उरकत नाही. दावा वाढीव मोबदल्याचा आहे. रस्त्यासाठी आमची संत्र्याची बाग गेली. संयुक्त मोजणीत फळावर आलेली निम्मी झाडं रोपं म्हणून लिहिली गेली. दावा वडिलांनी टाकला होता. ते गेले. वारस लावण्याचा अर्ज अजून निकाली निघालेला नाही, म्हणून पट्टेवाला आजही वडिलांच्याच नावाचा पुकारा करतो आणि मी आत जाऊन ‘हजर’ म्हणतो. घरी आल्यावर आईला हे सांगवत नाही.

याच नागपुरात मोहम्मद हिदायतुल्ला मॉरिस कॉलेजात शिकले, 1930 पासून इथेच वकिली केली, 1946 मध्ये इथल्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि 1954 मध्ये मुख्य न्यायाधीश. 1968 मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले. पुढच्या वर्षी मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी काही आठवडे काम पाहिलं, मग निवडणूक लढवायला राजीनामा दिला. दोन्ही पदं रिकामी. तेव्हा संसदेने नुकत्याच केलेल्या कायद्याप्रमाणे 20 जुलै 1969 ला सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. पस्तीस दिवस. तेवढ्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन दिल्लीला येऊन गेले आणि बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यावर सही झाली ती हिदायतुल्लांची.

पुढचं नीट वाचा. त्या कायद्याला आव्हान मिळालं तेव्हा ते सरन्यायाधीशाच्या खुर्चीत परतलेले होते, पण अकरा न्यायाधीशांच्या त्या खंडपीठावर ते नव्हते. अध्यक्षस्थानी न्या. जे. सी. शहा होते आणि फेब्रुवारी 1970 मध्ये तो कायदा रद्द झाला. मग 15 डिसेंबर 1970 ला, निवृत्तीच्या अगदी तोंडावर, संस्थानिकांच्या तनख्यांच्या खटल्यात हिदायतुल्लांच्या खंडपीठाने सरकारविरुद्ध निकाल दिला. ते उपराष्ट्रपती झाले ते 1979 मध्ये, बिनविरोध. मध्ये जवळजवळ नऊ वर्षं गेली होती.

आणि आता? 2019 च्या नोव्हेंबरात निवृत्त झालेल्या सरन्यायाधीशांना मार्च 2020 मध्ये राज्यसभेवर नेमता. 2023 च्या जानेवारीत निवृत्त झालेल्या न्यायाधीशांना फेब्रुवारीत राज्यपाल करता. त्यांच्या निकालांवर मी शिंतोडे उडवत नाही, तेवढी माझी पात्रता नाही. पण माझ्या दाव्यात प्रतिवादी सरकार आहे, साहेब! देशात सगळ्यात जास्त खटले सरकारचेच आहेत. ज्याच्याविरुद्ध मी उभा आहे तोच न्याय करणाऱ्याला उद्याची जागा देणार असेल, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

वरच्या खुर्च्यांची सोय काही महिन्यांतच होते. खालच्या न्यायालयांत मंजूर पंचवीस हजार जागांपैकी पाच हजारांच्या घरात जागा रिकाम्या पडल्यात, पाच कोटींच्या आसपास खटले तुंबलेत. विचारलं की तुम्ही म्हणता राज्याचं काम, राज्य म्हणतं हायकोर्टाचं काम, हायकोर्ट म्हणतं उमेदवार मिळत नाहीत. या टोलवाटोलवीत माझा बाप गेला. रस्ता मात्र केव्हाच झाला, त्यावरून टोल भरून मी कोर्टात जातो. जमीन घेताना तुम्हाला एक दिवस उशीर खपत नाही, मोबदला देताना पिढी उलटली तरी चालते. याला राज्य म्हणायचं?

हिदायतुल्लांच्या जयंतीला फुलं वाहायला कुणी येऊ नका. रिकाम्या जागा कोणत्या महिन्यापर्यंत भरणार, आणि निवृत्तीनंतर निदान दोन वर्षं कोणत्याही न्यायाधीशाने सरकारी नेमणूक घेऊ नये असं विधेयक पुढच्या अधिवेशनात मांडणार की नाही, एवढं लेखी कळवा. नाही मांडणार असाल तर तेही सहीनिशी लिहा.

आपला,
एक पक्षकार, नागपूर जिल्हा