एकदाच विचारा आणि दहापर्यंत मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2 एप्रिलच्या जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) जागरूकता दिनानिमित्त दरवर्षी लेख येतात. त्यांत लक्षणांची यादी असते, लवकर निदान करून घेण्याचा सल्ला असतो. दोन्ही गरजेचं आहे. पण निदानानंतर त्या मुलाशी, भावाशी किंवा सहकाऱ्याशी रोज बोलायचं कसं, हे क्वचितच वाचायला मिळतं. घरोघरी गाडी तिथेच अडते, म्हणून हे पत्र.

साधा प्रश्न घ्या. "पाणी हवंय का?" दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की आपण सुरू होतो: "तहान लागली का? आणू का पाणी? ऐकतोयस ना?" आपल्या मते आपण प्रश्न सोपा केला. ऐकणाऱ्यासाठी मात्र ते चार निराळे प्रश्न झाले. पहिल्याचा अर्थ लागत असतानाच दुसरा येऊन आदळतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एकदाच विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. सहाव्या-सातव्या आकड्याला आपल्यालाच राहवत नाही, आणि नेमकं तेव्हाच उत्तर ओठांवर येत असतं. पुन्हा विचारायचंच झालं तर तेच शब्द, त्याच क्रमाने. लिहून समोर ठेवलंत तर आणखी बरं. बोललेलं विरून जातं, लिहिलेलं हवं तितका वेळ पाहता येतं. "माझ्याकडे बघून बोल" हा आग्रहही सोडा. चेहऱ्याकडे बघणं आणि ऐकणं ही दोन कामं अनेकांना एका वेळी झेपत नाहीत. नजर खिडकीबाहेर असली तरी कान बहुधा तुमच्याकडेच असतात.

दुसरी अडचण आपल्या बोलण्याची. 'जरा थांब', 'जरा आवर', 'जमलं तर बघ'. जरा म्हणजे किती? आवर म्हणजे नेमकं काय? "ही पुस्तकं उचलतोस का?" यावर "नाही" असं उत्तर आलं तर तो उद्धटपणा समजू नका; विचारलं तेवढ्याचं ते प्रामाणिक उत्तर आहे. "टेबलावरची पुस्तकं कपाटाच्या खालच्या खणात ठेव" असं सांगा. ऑफिसमध्ये "रिपोर्ट लवकर द्या" ऐवजी "गुरुवारी चारपर्यंत, दोन पानं, आकडे आधी" म्हणा. खरं तर अशा सूचना सगळ्यांच्याच सोयीच्या असतात.

दिवसाचा क्रम चित्रांत दाखवण्याचा तक्ता बरेच पालक उत्साहाने करतात आणि महिन्याभरात सोडून देतात. चूक सहसा सुरुवातीलाच होते: एकदम बारा चित्रं लावली जातात. दोनच चौकटींपासून सुरुवात करा, 'आता' आणि 'नंतर'. काम झालं की ते चित्र मुलाने स्वतः काढून डब्यात टाकायचं. संपलं हे हाताला कळलं पाहिजे. 'बदल' असं एक वेगळं कार्ड ठेवा आणि ते आधी सुखद बदलासाठी वापरा, नाहीतर ते दिसताच धडकी भरते. आणि "ऐकलं नाहीस तर चित्र काढून टाकीन" अशी धमकी कधीही देऊ नका. एकदा दिलीत तरी तक्त्यावरचा भरवसा जातो.

मेल्टडाउनला, म्हणजे सहन होईनासं झाल्यावर होणाऱ्या उद्रेकाला, हट्ट समजणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. हट्टाला काहीतरी हवं असतं, ते मिळालं की तो थांबतो. मेल्टडाउनमध्ये आवाज, उजेड, गर्दी, अनपेक्षित बदल असं साचत साचत सहन होण्याची मर्यादा ओलांडली गेलेली असते. अशा वेळी मागितलेली वस्तू हातात दिली तरी उपयोग होत नाही. दिवा बंद करा, बघ्यांना बाजूला काढा, धारदार वस्तू हलवा, जवळ पण हात न लावता थांबा. कमीत कमी बोला. समजावणं, जाब विचारणं त्या दिवशी नकोच, कारण शांत दिसल्यावरही सावरायला काही तास जाऊ शकतात. काही जण उलट पूर्ण गप्प होतात, जागचे हलत नाहीत. त्याला शटडाउन म्हणतात. त्रास तेवढाच असतो, पण आवाज नसल्याने तो कुणाच्या लक्षात येत नाही.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943मध्ये 11 स्वमग्न मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली, पण आवाज-उजेड असह्य होण्यासारखा संवेदनांमधला फरक अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-निकषांत यायला 2013 उजाडलं. आणि न समजण्याचा दोष एकट्या स्वमग्न व्यक्तीचा नसतो, हे स्वतः स्वमग्न असलेल्या डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने 2012मध्ये नेमकं मांडलं. 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे सांगत नेली. फक्त स्वमग्न प्रौढांच्या साखळीत ती फक्त स्वमग्न नसलेल्यांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली. आम्हा विशेष शिक्षकांनाही हे शिकायला वेळ लागला, हे मान्य केलं पाहिजे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. 'ऑटिझमग्रस्त', 'ऑटिझमपीडित' हे शब्द बातम्यांतून काढावेत. 'ऑटिस्टिक' किंवा 'स्वमग्न व्यक्ती' पुरेसं आहे. आणि आत्मकेंद्री पुढाऱ्यांसाठी 'स्वमग्न' हे विशेषण अग्रलेखांत वापरू नये. निदान झालेली मुलंही पेपर वाचतात.

आपली,
एक विशेष शिक्षिका