एच-इंडेक्स छापताना

संपादक महोदय,

न्यूरॉलॉजिस्टच्या (मेंदू व मज्जातंतूंच्या डॉक्टरांच्या) सत्काराच्या बातमीत 'दोनशे शोधनिबंध, एच-इंडेक्स 40' असे वाक्य हमखास असते. हा एच-इंडेक्सचा आकडा निघतो कसा? सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध वर, अशा उतरत्या क्रमाने निबंध लावायचे. समजा त्यांची सायटेशन्स, म्हणजे इतर निबंधांनी दिलेले दाखले, 90, 40, 12, 6, 5, 3 अशी आहेत. क्रमांकाइतकी तरी सायटेशन्स असलेला शेवटचा निबंध शोधायचा; त्याचा क्रमांक हाच एच-इंडेक्स. पाचव्याला 5 आहेत, सहाव्याला 3च. म्हणून एच-इंडेक्स 5. हे माप भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी 2005 मध्ये सुचवले. पहिल्या निबंधाची सायटेशन्स 90ची 900 झाली, तरी आकडा 5वरच राहतो.

इथेच न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया आठवतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काम करताना त्यांनी व सहलेखक स्वामी यांनी 1971 मध्ये 'ब्रेन' नियतकालिकात नऊ कुटुंबांतला एक आनुवंशिक आजार मांडला. चालताना तोल जातो, आणि एका बाजूकडून दुसरीकडे बघायला सांगितले की रुग्णाचे डोळे झटकन वळत नाहीत, संथ सरकतात. पुढे हा आजार एससीए-2 (स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सिया, प्रकार 2) म्हणून ओळखला गेला आणि त्याचे जनुक 1996 मध्ये सापडले. वाडियांनी 1998 मध्ये 'ब्रेन'मध्येच सहा भारतीय कुटुंबांचा जनुकीय अभ्यासही छापला. डोळ्यांची ती संथ हालचाल आजही खाटेशेजारीच या आजाराची शंका आणून देते. एच-इंडेक्समध्ये मात्र 1971च्या त्या निबंधाची भर जास्तीत जास्त एकाची! शिवाय एखादा शोध पाठ्यपुस्तकात रुळला की लोक पाठ्यपुस्तकाचा दाखला देतात, मूळ निबंधाचा नाही.

आकडा कुठून घेतला, हेही पाहायला हवे. गुगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच प्रसिद्ध केलेले निबंधही) मोजते, त्यामुळे तिथला आकडा बहुधा स्कोपस या दुसऱ्या सायटेशन-संग्रहापेक्षा मोठा येतो. 'एस. कुलकर्णी' अशा नावाखाली चार जणांचे निबंध एकत्र होतात. म्हणून प्रत्येक संशोधकाची स्वतंत्र ओळख असलेल्या सोळा अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांकावरून यादी पडताळावी. शेकडो लेखकांच्या 'जागतिक रोगभार' अभ्यासातले एक नावही हजारो सायटेशन्स मिळवून देते. तेव्हा पहिला, शेवटचा आणि पत्रव्यवहार करणारा लेखक कोण, हे वेगळे बघावे.

सर्वांत गंभीर बाब राहिलीच. निबंध मागे घेतला गेला तरी त्याची सायटेशन्स आपोआप वजा होत नाहीत. अल्झायमरवरचा 'नेचर'मधला 2006चा एक गाजलेला निबंध प्रतिमांतील फेरफारामुळे 2024 मध्ये मागे घेतला गेला. तोवर तो दोन हजारांहून अधिक वेळा उद्धृत झाला होता. मागे घेतलेल्या निबंधांवर लक्ष ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या संकेतस्थळाची यादी 2023 पासून सर्वांना मोफत खुली आहे. नाव टाकून शोधायला दोन मिनिटे पुरतात.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती: आकडा छापायचाच असेल तर तो कोणत्या संग्रहातला, कोणत्या तारखेचा, हे सोबत द्यावे. आणि त्या डॉक्टरांच्या एका तरी निबंधाचे नाव घेऊन, त्यामुळे रुग्णाच्या तपासणीत किंवा उपचारात काय बदलले, ते दोन ओळींत लिहावे.

– वैद्यकीय ग्रंथालयातील एक ग्रंथपाल, पुणे