‘कुबड्या’ नको, ‘टेकू’ लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गौरी-गणपतीचे पाहुणे परवा गेले. आठवडाभर साताऱ्यातल्या आमच्या घरात बारा माणसं होती. गाद्या पुरल्या नाहीत, चहाचं आधण गॅसवरून उतरलं नाही, पुरणासाठी डाळ-गूळ दोनदा आणावा लागला. घर असं भरलं की मला फार बरं वाटतं. तरी या गडबडीत दोन-तीन गोष्टी मनाला लागल्या. त्यांतली एक आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावरून घरात आली, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. आज वय ६१. पोस्टात ३४ वर्षं काउंटर सांभाळला आणि रोज ये-जा केली ती दोन कुबड्यांवर.

अनुराधा नक्षत्रावर गौरी आल्या. दारापासून देवघरापर्यंत जाऊबाईंनी रांगोळीची पावलं काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजींनी पेपर उघडला. मित्रपक्षांच्या पाठिंब्याची बातमी होती आणि मथळ्यात ‘कुबड्या’. भावजी तावातावाने म्हणाले, “दुसऱ्याच्या कुबड्यांवर किती दिवस चालणार? स्वतःच्या पायावर उभं राहायला हिंमत लागते!” बोलता बोलता त्यांची नजर भिंतीला टेकवलेल्या माझ्या कुबड्यांवर गेली. गप्पच झाले. मग म्हणाले, “वहिनी, तुम्हाला नव्हतं हो म्हणायचं.” तोवर मला काही वाटलंही नव्हतं. त्यांच्या या वाक्यानं मात्र कसंनुसं झालं, कारण लाचारी आणि माझ्या कुबड्या या दोन गोष्टी आमच्या भाषेत एकमेकींना किती चिकटल्यात, ते त्यांनाही त्याच क्षणी कळलं होतं.

त्याच संध्याकाळी पूजा-आरती झाल्यावर पुतण्याच्या बायकोनं सगळ्यांना फोटोसाठी गौरींपुढे बसवलं. “काकी, या जरा बाजूला ठेवते, फोटो छान येईल,” म्हणत तिनं कुबड्या उचलून मागच्या खोलीत नेल्या. फोटो झाला. मग सगळे शेजारच्या गौरी बघायला गेले आणि मी खुर्चीवर तशीच राहिले. समोरच्या समईतलं तेल संपत आलं होतं. वात आधी तडतडली, मग तिचं टोक काळं पडून खाली बसू लागलं. तेलाची बुधली समईशेजारीच, माझ्यापासून चार हातांवर. उठता येईना. हाका मारल्या, तर माजघरातल्या टीव्हीच्या आवाजात त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. एक वात विझली. माहेरवाशिणीपुढचा दिवा मला सांभाळता आला नाही, याचं वाईट अजून वाटतं. ती मुलगी गुणाची आहे, आल्या दिवसापासून माझ्या हाताखाली राबत होती. कुबडी म्हणजे फोटोत दिसू नये अशी गोष्ट, हे तिला कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही. रोजच्या बोलण्यातून, बातम्यांतून, भाषणांतून ते आपोआप अंगात मुरतं.

कुबडीवर चालणं म्हणजे काय, ते एकदा सांगू द्या. शरीराचा भार काखेवर टाकायचा नसतो. टाकला तर काखेतली नस दाबली जाऊन हात लुळा पडू शकतो. सगळं वजन तळहातांवर आणि मनगटांवर तोलायचं असतं. ओल्या फरशीवर खालचं रबर सटकतं, म्हणून आधी एक कुबडी दाबून बघायची, मगच पाऊल टाकायचं. नऊ वर्षांची होईपर्यंत आई मला कडेवर घेऊन शाळेत सोडायची. कुबड्या आल्या आणि मी एकटी शाळेत जाऊ लागले. स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणतात ते मला कुबड्यांनीच दिलं.

माझे दादा वाईहून आले होते. मागच्या वर्षी त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. पेपर मांडीवर पसरून डाव्या हाताच्या पंजानं घडी घालतात, ती वाकडी होते, पुन्हा उलगडतात. त्यांनी अग्रलेखातल्या ‘धोरणलकवा’ या शब्दावर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. ज्या माणसानं व्यायाम एक दिवस चुकवला नाही, त्याच्या आजाराचं नाव निष्क्रियतेला!

चूक माझ्याकडूनही झाली. स्वयंपाकघरातून तीनदा हाका मारून कुणी पानावर येईना, तेव्हा मी ओरडले, “बहिरे झालात का सगळे?” वन्सं तिथेच ताटं पुसत होत्या. त्यांच्या कानात मशीन आहे. काही बोलल्या नाहीत, फक्त मशीनवर हात गेला. मी रात्री त्यांची माफी मागितली.

प्रत्येक शब्द टाकून द्या, असं माझं म्हणणं नाही. अंगणात पोरींनी लंगडी घातली, मी गुण मोजले. ‘आंधळी कोशिंबीर’ही राहू दे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ शब्द सुचवला. मला मात्र कुणी सरळ ‘अपंग’ म्हटलं तरी राग येत नाही, तो माझ्या शरीराबद्दलचा शब्द आहे. राग येतो तो ‘लंगडी सबब’, ‘बहिरं प्रशासन’, ‘पांगळं धोरण’ याचा. तिथे आमचं शरीर दुसऱ्याच्या दोषाचं नाव होतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आमची संख्या २९ लाखांहून अधिक होती. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका चित्रपटाच्या प्रकरणात अपंगांना हिणवणारी भाषा टाळावी, असं स्पष्ट सांगितलं. भावजींना कुणी कायदा दाखवावा, असं मी म्हणत नाही. वर्तमानपत्राची जबाबदारी मात्र मोठी आहे, कारण सकाळी मथळ्यात आलेला शब्द दुपारपर्यंत घराघरांतल्या तोंडी असतो.

आपल्याकडे ‘टेकू’ हा शब्द आहेच. भिंत कलली की बाहेरून लावतात तो. पाठिंब्यावरच्या सरकारला तो चपखल बसतो आणि मथळ्यात जागाही कमी घेतो. ‘बहिऱ्या’ प्रशासनाला ‘दाद न देणारं’ म्हणा, त्यात त्याची चूकही नेमकी सांगितली जाते. बातम्यांचे मथळे लावणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांपर्यंत एवढं पोचवावं, ही विनंती.

आपली रोजची वाचक,
एक निवृत्त पोस्ट कर्मचारी, सातारा